कॉन्वीचा किल्ला आणि सासूबाईंचे प्रश्न

रानजाई

ईस्टरच्या सुट्टीत एक दिवस मुलांना 'खराखुरा' किल्ला दाखवायचं कबूल करून बसलो होतो. उत्तर वेल्समधला कॉन्वी ठरला, कारण तिथे रेल्वे थेट किल्ल्याच्या पायथ्याशी जाते. मंडळी पाच. नवरा, मी, ९ वर्षांचे चिरंजीव, ५ वर्षांची धाकटी आणि तीन महिन्यांसाठी इकडे आलेल्या सासूबाई. त्यांचं वय ७२, उजवा गुडघा दुखरा. निघतानाच त्यांनी जाहीर केलं, "मी आपली खालीच बसेन. तुम्ही काय ते चढा." खोटं का बोला, मी मनातल्या मनात हुश्श केलं.

पहिला गोंधळ गाडीतच. चेस्टरहून निघालेली ती गाडी कॉन्वीला सांगितलं तरच थांबते, हे आमच्या गावीही नव्हतं. उतरणाऱ्याने आधी गार्डला सांगायचं, चढणाऱ्याने फलाटावरून हात करायचा, एसटीला करतात तसा. आम्ही आपले पिशव्या सावरत दाराशी उभे. नदीवरच्या पुलाच्या लोखंडी नळकांड्यातून गाडी बाहेर आली, खिडकीला घासून जावी इतक्या जवळून किल्ल्याची भिंत गेली, पोरं ओरडली, स्टेशन आलं आणि गेलं. गार्ड भला माणूस, हसला आणि पुढच्या पेनमाइनमाउरला उतरवलं. तिथे समुद्राकडे तोंड करून पाऊण तास परतीच्या गाडीची वाट. या वेळी दोन्ही पोरांनी असे हात हलवले की ड्रायव्हरनेही उलट हात हलवला. धाकटीच्या मते दिवसातली सर्वात भारी गोष्ट हीच. किल्ला दुसऱ्या नंबरवर.

नवऱ्याने आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. आत शिरताच त्याची टेप सुरू झाली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्याने वेल्स जिंकलं, १२८३ साली हा किल्ला बांधायला घेतला आणि १२८७ पर्यंत बहुतेक काम उरकलं. बांधणारा जेम्स ऑफ सेंट जॉर्ज, आल्प्समधल्या सॅव्हॉय प्रांतातला. किल्ला आणि गावाचा तट मिळून खर्च सुमारे १५,००० पौंड, म्हणजे तेव्हाच्या मानाने डोळे फिरवणारी रक्कम. आठ बुरुज, दोन चौक, एक बाहेरचा आणि एक आतला. तिसऱ्या वाक्याला चिरंजीव दिसेनासे झाले. चौथ्या वाक्याला धाकटीने शू लागल्याचं सांगितलं.

सासूबाई मात्र बाहेरच्या चौकाच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंनी भिंती बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अरे, हे सगळं खरं. पण यांचं स्वयंपाकघर कुठंय?"

टेप बंद. नवऱ्याने वाचलेल्यात ते नव्हतं.

मग आम्ही शोधायला लागलो. उत्तरेच्या तटाला लागून स्वयंपाकघर, पाव भाजायची जागा आणि बिअर गाळायची जागा असा रांगेने संसार होता. आता नुसती जोती उरलीत. समोर, चौकाच्या दुसऱ्या बाजूला, मोठा दरबारी दिवाणखाना. लांबी जवळपास ३८ मीटर. कातळाच्या कडेकडेने बांधल्यामुळे तो सरळ नाही, धनुष्यासारखा वाकलेला आहे. त्याची जमीन गेलीय, त्यामुळे थेट तळघरात डोकावता येतं, आणि छत पेलणाऱ्या दगडी कमानींपैकी एक अजून तग धरून आहे. सासूबाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली आणि म्हणाल्या, "म्हणजे रांधायचं इथे आणि वाढायचं तिथे? मधे उघडं अंगण? इथल्या पावसात? निवून जात असेल सगळं."

मी गेली ६ वर्षं या देशात राहते, ४-५ किल्ले पाहिलेत. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यानंतर त्या बसल्याच नाहीत. पाणी कुठून आणायचे? आतल्या चौकाच्या दरवाजालगत विहीर आहे, कातळात खोदलेली, आज २८ मीटर खोल. वर जाळी. त्यांनी वाकून पाहिलं आणि चिरंजीवांना हिशेब घातला, "एक घागर वर यायला किती वेळ लागेल सांग. आणि शंभर माणसांना दिवसाला किती घागरी?" जो मुलगा गणिताच्या वहीकडे ढुंकून बघत नाही, तो विहिरीच्या कठड्यावर बोटं मोडत बसला. दोर ओला झाल्यावर जड होतो, तो हिशेबात धरायचा का, यावर दोघांचं भांडणही झालं.

आणि मग ती हवेतली चूल. एका बुरुजात शिरलो तर आत मजलेच नाहीत, वरपर्यंत पोकळ. उंच भिंतीत मधेच एक शेकोटीचा कोनाडा, दगडी चौकटीसकट, आणि त्याच्या वर आणखी एक. धाकटी मान वर करून म्हणाली, "तिथे लाकडं ठेवायला कोण चढायचं?" नवरा तोंड उघडणार तेवढ्यात आजींनी नातीचं बोट धरून दाखवलं. कोनाड्याखाली एका ओळीत चौकोनी भोकं होती, हात जाईल एवढी. "ती बघ, तुळयांची खोबण. तिथे लाकडी जमीन होती. आपण आत्ता त्यांच्या पलंगाखाली उभे आहोत." एका भोकात कावळ्याच्या जातीच्या कुठल्याशा पक्ष्याने काड्या कोंबून घर केलं होतं. लाकडी मजल्यांचं काय झालं तेही नंतर कळलं. १६६५ मध्ये उरलंसुरलं लोखंड आणि शिसं काढून विकलं. छपरावरचं शिसं गेल्यावर पावसाला कोण अडवणार?

हे दिसल्यावर पुढचे दोन तास दोन्ही पोरं भोकं आणि चुली मोजत फिरली. "इथे खोली होती, इथे पण होती, इथे दोन माळ्यांची होती!" मला वाटतं आपण मुलांना किल्ला चुकीच्या टोकाने दाखवतो. राजा, लढाई, सनावळी हे सगळं माणूस तिथे राहत होता हे पटल्यानंतरचं. आधी चूल, विहीर, मोरी दाखवावी.

मोरीबद्दल लिहायलाच हवं. भिंतीच्या जाडीत एक अरुंद वळणदार बोळ, शेवटी दगडी बैठक, तिला भोक, आणि खाली सरळ भिंतीबाहेर. चिरंजीव तिथे १५ मिनिटं होते. कॅमेरा बाहेर काढून कोसळत्या कोनातून फोटो घेतलेत, ते धाग्यावर टाकणार नाही.

वरही गेलो, मी आणि चिरंजीव. जिना गोल, अंधारा, पायऱ्या मधे झिजून बशीसारख्या झालेल्या, समोरून कोणी आलं की एकाने भिंतीत विरघळायचं. पण वर गेल्यावर सगळा नकाशा उलगडतो. खाडी, बोटी, गावाभोवती सव्वा किलोमीटरहून थोडा लांब, जवळपास सलग तट आणि त्याचे २१ बुरुज. खाली दोन ठिपके, एक लाल स्वेटर आणि एक पांढरी शाल, शेजारी शेजारी बसून काहीतरी खात होते.

आता प्रश्न. लहान मुलं आणि वयस्क माणसं अशी वरात घेऊन तुम्ही असे किल्ले कसे बघता? काय टाळता? आणि आसपासचा पुढचा किल्ला कोणता घ्यावा? सासूबाईंचा मुक्काम अजून ५ आठवडे आहे.

मुक्कामपोस्ट

मस्त लिहिलंय! हवेतली चूल भारी. आमचा दीड वर्षांचा आहे, बाबागाडी चालेल का तिथे?

रानजाई

धन्यवाद मुक्कामपोस्ट. चौकांमधे कशीबशी ढकलाल, जमीन खडबडीत आहे. जिन्यांत तर नावच नको. आमच्या पुढे एक बाबा बाळाला पाठुंगळीच्या पिशवीत घालून चढत होते, आणि प्रत्येक वळणाला त्यांच्यापेक्षा बाळाचं डोकं आधी भिंतीला लागायचं. पुढे बांधायची झोळी बरी. किंवा एकाने वर, एकाने खाली, मग अदलाबदल.

तिरकीट

छान. पण गोल जिन्याची खरी गंमत मुलांना सांगितलीत की नाही? वर जाताना जिना उजवीकडे वळत जातो. खालून येणाऱ्या शत्रूची उजव्या हातातली तलवार मधल्या खांबाला अडते आणि वरून लढणाऱ्याला हात फिरवायला मोकळी जागा. मुद्दाम तसे बांधायचे. आम्हाला एका किल्ल्यावर गाइडने प्रात्यक्षिकासह दाखवलं होतं, माझ्या मुलीच्या हातात छत्री देऊन.

शाळामास्तर

तिरकीट, छत्रीचं प्रात्यक्षिक गोड असणार, पण ही कथा जुनी नाही. १९०२ मध्ये थिओडोर कुक नावाच्या इंग्रज लेखकाने ती मांडली. गृहस्थ स्वतः तलवारबाजीचे शौकीन, त्यामुळे त्यांना जिन्यातही तलवार दिसली. किल्ले बांधणाऱ्यांच्या काळात कुणी असं लिहून ठेवल्याचा पुरावा नाही, आणि उलट्या वळणाचे जिनेही सापडतात, एडवर्डच्याच कार्नार्व्हनच्या किल्ल्यात आहेत. शिवाय विचार करा. शत्रू बुरुजाच्या जिन्यापर्यंत पोचला म्हणजे खंदक, दरवाजा, चौक सगळं गेलेलं आहे. तेव्हा खांबाला तलवार अडून काय उपयोग?

तिरकीट

मग उजवीकडेच जास्त का वळतात?

शाळामास्तर

बहुतेक माणसं उजव्या हाताची. उतरताना, आणि पडायची भीती उतरतानाच जास्त, उजवा हात बाहेरच्या भिंतीला टेकतो आणि पाय पायरीच्या रुंद बाजूला पडतो. हा माझा तर्क, शपथेवर सांगत नाही. पण जिना मुख्यतः रोज चढायउतरायला असतो, लढायला नाही, एवढं मान्य करा.

रानजाई

शाळामास्तर, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हातात ताट घेऊन उतरणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल जिना कुठल्या बाजूने वळावा."

गडी_एकटा

लेख चांगला आहे पण थोडं खटकलं म्हणून लिहितो. किल्ला ही लष्करी वास्तू आहे. पहिल्या एडवर्डने वेल्श लोकांच्या उरावर बसायला तो बांधला. त्या जागी वेल्श राजांनी आश्रय दिलेला मठ होता, तो उठवून दुसरीकडे नेला. तटाच्या आतलं गाव इंग्रज वसाहतवाल्यांसाठी, वेल्श माणसाला तिथे राहायची बंदी. हे सगळं सोडून चूल आणि मोरी? अठराव्या शतकात पेनंट नावाच्या वेल्श लेखकाने कार्नार्व्हनच्या किल्ल्याला आपल्या पारतंत्र्याचं भव्य बोधचिन्ह म्हटलं होतं. मुलांना हेही कळायला नको का?

रानजाई

कळायला हवंच की, नाही कुठे म्हटलं. पण ते ९ वर्षांच्या मुलाला पोचतं कसं, एवढाच माझा मुद्दा. आमच्याकडे ते सासूबाईंमुळेच पोचलं. त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या वाड्यात शिपाई किती?" फलकावर वाचलं तर नेमणूक ३० माणसांची. त्यात १५ क्रॉसबोवाले, म्हणजे आडवं धनुष्य चालवणारे, शिवाय एक सुतार, एक लोहार, एक गवंडी, एक पाद्री असे कामाचे लोक. मुलगा म्हणाला, "फक्त ३०? मग बाहेरच्या लोकांना हा घेता का नाही आला?" तिथून बोलणं वेल्श लोकांवर, त्यांच्या भाषेवर, रस्त्यावर पांढऱ्या अक्षरात 'हळू' च्या आधी लिहिलेल्या 'अराफ' वर गेलं. वेल्शमध्ये अराफ म्हणजे हळू. परत येताना तो प्रत्येक पाटीवर आधी वेल्श वाचत होता. सनावळी सांगून हे झालं नसतं.

पाटीपेन्सिल

घेता आला होता! १४०१ ची गोष्ट मुलाला नक्की सांगा. वेल्श सरदार ओवेन ग्लिंडूरचं इंग्रजांविरुद्ध बंड चालू होतं. त्याचे नातलग, र्‍हिस आणि ग्विलिम हे ट्यूडर बंधू, यांनी गुड फ्रायडेचा दिवस निवडला. किल्ल्यातली बहुतेक माणसं प्रार्थनेला गावातल्या चर्चमध्ये गेलेली, दारावर दोनच पहारेकरी. सुतार कामाला आलेत असं सांगून यांची माणसं आत शिरली, पहारेकऱ्यांना मारलं आणि दार उघडलं. १५,००० पौंडांचा किल्ला सुताराच्या थापेवर गेला. काही महिने त्यांच्या ताब्यात होता. आणि याच घराण्यात, त्यांच्या तिसऱ्या भावाच्या वंशात, पुढे सातवा हेन्री जन्मला, जो इंग्लंडचा राजा झाला.

गडी_एकटा

वा, हे माहीत होतं पण सुताराचा भाग विसरलो होतो. रानजाई, तुमच्या ३० जणांच्या यादीतला सुतार आठवा. किल्ल्यावर सुतार येणं हे दूधवाल्यासारखं रोजचं. म्हणून थाप पचली. बरं, हार मानतो, घरकामाला महत्त्व आहे. :)

आळसोबा

हा हा. धाग्यावर 'हार मानतो' असं मी पहिल्यांदाच वाचलं, स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

आळसोबा

अवांतर. दरवाजावरच्या भोकांतून उकळतं तेल ओतायचे ना? आमच्या कन्येने शाळेत चित्र काढलंय, तेल पिवळं आहे आणि त्यात भजी तरंगतायत.

शाळामास्तर

कन्येला पैकीच्या पैकी. पण तेल महाग होतं, ते खाली ओतणं म्हणजे पैसे ओतणं. दगड, तापवलेली वाळू, गरम पाणी हे जास्त पटण्यासारखं. आणि दाराला कोणी आग लावली तर वरून साधं पाणी ओतायलाही तीच भोकं. कॉन्वीच्या मुख्य दरवाजावर भिंतीच्या पुढे काढलेला दगडी सज्जा आहे, तळाला भोकं ठेवलेला. ब्रिटनमध्ये टिकून राहिलेल्या दगडी सज्ज्यांत तो सर्वात जुना समजतात. आत शिरताना बहुतेक जण तिकीट शोधत असतात, वर कुणी बघत नाही.

रानजाई

आम्हीही नाही पाहिला! धाकटीच्या शूची घाई होती.

कुंभारवाडा

मी बांधकामातला माणूस, म्हणून माझा एक प्रतिसाद. पुढच्या वेळी बुरुज बाहेरून बघा. भिंतीत छोटी चौकोनी भोकं दिसतील, पण आडव्या ओळीत नाहीत, तिरकी चढत जाणारी, बुरुजाभोवती वेलासारखी वळणारी. ती परांचीची भोकं. आपल्याकडे परांची मजल्यामजल्याने आडवी बांधतात. इथे तिरका उतार बुरुजाभोवती गुंडाळत नेला, म्हणजे मजूर दगड घेऊन शिडी न चढता चालत वर जातील. ही सॅव्हॉयकडची पद्धत. जेम्स आणि त्याची माणसं ती सोबत घेऊन आली. म्हणजे गवंडी कुठून आला याची सही भिंतीवर अजून आहे.

आणि रानजाई, तुमच्या सासूबाईंना सांगा की हा किल्ला आज करडा दिसतो तसा नव्हता. बाहेरून चुन्याने रंगवलेला होता, पांढराशुभ्र. काही ठिकाणी चुन्याचे अवशेष अजून आहेत. खाडीतून येणाऱ्याला लांबून काय दिसत असेल विचार करा.

रानजाई

कुंभारवाडा, हे सोनं आहे. तिरकी भोकं माझ्या एका फोटोत आलीत आणि मी ती दगड पडल्याच्या खुणा समजत होते. चुन्याचं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग दर वर्षी हात मारावा लागत असेल." त्यांच्या डोक्यात देखभालीचाच खर्च येतो.

घरकोंबडी

मोरीवर कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. :) कॉन्वीला किल्ल्यातल्या मोऱ्या काहीच नाहीत, गावाच्या तटावर चढा. दक्षिणेकडे मिल गेटजवळ तटाच्या बाहेर लटकवलेले १२ संडास आहेत, ओळीने, एकसारखे. राजाच्या 'वॉर्डरोब' खात्यातल्या कारकुनांसाठी बांधलेले. वॉर्डरोब म्हणजे तेव्हा राजाचा जमाखर्च सांभाळणारं कार्यालय. आणि किल्ल्यातल्या संडासाला जे नाव आहे, गार्डरोब, त्याचा अर्थही कपडे जपायची जागा. कपडे संडासाजवळ टांगले की वासाने कसर लागत नाही, असं एक स्पष्टीकरण देतात. मला ते फारसं पटत नाही, पण माझ्या दोन्ही मुलांना पटलं आणि त्यांनी आठवडाभर मोजे बाथरूममध्ये टांगले.

तटावर चढायला पैसे लागत नाहीत, पायऱ्या सरळ आहेत, पण सासूबाईंना जपून. कठडे आहेत, वारा मात्र फार असतो.

आळसोबा

१२ कारकून एका ओळीत. त्या काळची बैठक.

मुक्कामपोस्ट

😂😂

तिरकीट

रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर राहिलं. आमचे अनुभव. जेवण किल्ल्यात शिरण्याआधी उरका, नंतर नाही. पोरांचा उत्साह पहिल्या बुरुजावर सर्वात जास्त असतो, म्हणून सर्वात उंच जिना पहिला. जिन्यात पोर पुढे आणि मोठा मागे, उतरताना मोठा पुढे. दगड ओले असतील तर वर जाऊच नका, पायऱ्या साबणासारख्या होतात. आणि धक्क्यावर चिप्स खाताना सीगलवर लक्ष ठेवा. कॉन्वीच्या धक्क्यावर एकाने माझ्या नवऱ्याच्या तोंडासमोरून अख्खा मासा नेला. तो मासा अजून आमच्या घरात दर महिन्याला निघतो.

रानजाई

धक्क्यावर आम्हीही होतो, ते इवलंसं लाल घर बघायला, ब्रिटनमधलं सर्वात लहान म्हणतात ते. सासूबाईंनी दारातून आत डोकावून विचारलं, "आणि यांची मोरी?"

गडी_एकटा

पुढच्या किल्ल्याबद्दल. एडवर्डच्या किल्ल्यांपैकी चार आणि कॉन्वी-कार्नार्व्हनचे तट असं मिळून १९८६ पासून जागतिक वारसा आहे. म्हणजे कॉन्वी, कार्नार्व्हन, हार्लेक, बोमॅरिस. मी चारही पाहिलेत, एकट्याने, नावाप्रमाणे.

हार्लेक कातळावर उभा आहे, देखावा अफाट, पण गुडघ्यांना नको. समुद्राच्या बाजूला १०८ पायऱ्या आहेत, आणि समुद्र आता बराच मागे सरकलाय, त्यामुळे त्या पायऱ्या गवतात जाऊन संपतात. कार्नार्व्हन मोठा, बुरुज बहुकोनी, भिंतींत रंगीत दगडांचे पट्टे. तिथे १२८४ मध्ये दुसरा एडवर्ड जन्मला. बघण्यासारखा आहेच, पण दिवस पुरत नाही.

तुमच्या वरातीला बोमॅरिस. अँगलसी बेटावर, सपाट जमिनीवर, भोवती पाण्याने भरलेला खंदक आहे, त्यात बदकं आहेत. धाकटी खूश. तटात तट, म्हणजे बाहेरचा बुटका आणि आतला उंच, दोन्ही सरळ रेषेत मापून काढलेले. एखाद्याने कागदावर आकृती काढली आणि तीच उभी केली असं वाटतं. सुरू केला १२९५ मध्ये, तोच जेम्स, पण पैसा स्कॉटलंडच्या लढायांत गेला आणि किल्ला अर्धाच राहिला. आतले बुरुज ठरलेल्या उंचीला कधी पोचलेच नाहीत.

शाळामास्तर

अनुमोदन. आणि तिथे जाताना १२९४-९५ च्या हिवाळ्याची गोष्ट सांगा. मॅडॉग या वेल्श सरदाराच्या बंडात खुद्द एडवर्ड कॉन्वीच्या किल्ल्यात अडकून पडला होता. बाहेर बंडखोर, रसद फक्त समुद्रातून, तीही खवळलेल्या हिवाळ्यात. बोमॅरिस त्या धड्यानंतरचा. त्याला जहाज लागायचा स्वतःचा धक्का आहे, थेट दरवाजाशी.

घरकोंबडी

बोमॅरिसच्या भिंतींतल्या बोळांतून मुलांना चालवा. अंधार आहे, छोटा टॉर्च घ्या. पोरं हरवल्यासारखी वाटतात आणि आपल्याला पाच मिनिटं शांतता मिळते.

रानजाई

सर्वांचे आभार. रविवारी बोमॅरिस नक्की. बांगोरपर्यंत गाडीने आणि पुढे बसने, गार्डला हात करायचा प्रश्न नाही म्हणून धाकटी नाराज आहे.

काल रात्री सासूबाईंना हा सगळा धागा टॅबलेटवर मोठी अक्षरं करून दिला. चष्मा चढवून शेवटपर्यंत वाचला. शाळामास्तरांचं रसदीचं वाचून म्हणाल्या, "बघ, विहीर असून भागत नाही, पीठ लागतं." मग गडी_एकटा यांच्या प्रतिसादापाशी परत गेल्या, 'अर्धाच राहिला' या शब्दांवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "अर्ध्यात नेमकं काय राहिलं? स्वयंपाकघर बांधून झालं होतं का?"

कुणाला माहीत असेल तर रविवारच्या आत सांगा.